घोडे धरून ठेवा

मंगळवारचा पहिला तास इंग्रजीचा.
शेगडीत शेणी पेटल्या आहेत, पण ऊब अजून पहिल्या बाकापर्यंतच.
मुलं बॉलपेनं काखेत धरून शाई सैल करतायत.
मी फळ्यावर लिहिते : होल्ड युअर हॉर्सेस.
शब्दशः, आपापले घोडे धरून ठेवा.
म्हणजे, जरा दम धरा, उतावीळ होऊ नका.

एकदम सगळी ताठ बसतात.
महिनाभर मी त्यांना केकचा तुकडा भरवत होते,
सोप्या कामाला म्हणे केकचा तुकडा म्हणतात,
आणि मांजरी-कुत्र्यांचा मुसळधार पाऊस शिकवत होते,
इथे गोबीत,
जिथे ढग येतो, वर्गात डोकावतो आणि गैरहजेरी लावून जातो.
घोडे मात्र घरचे.

"किती घोडे, बाई?" अनुजिन विचारते.
"लगामाने धरायचे?"
"पायबंद घातला तर नाही का चालणार?"
मी सांगते, एकही नाही. ह्यात घोडा नाहीच.
"मग धरायचं काय?"
माझं घोडं तिथेच अडतं.

मी घाईने पुढचं लिहिते :
भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात बघू नये.
वर्गात गलका.
बघू नये? बघायलाच हवं!
न बघता घेतला तर आजोबा कानफटात देतील,
आणि घोड्याला काय वाटेल,
ह्याला माझं वयसुद्धा विचारावंसं वाटलं नाही?
बिल्गून उठतो, माझ्या हातातला खडू घेतो,
फळ्यावर दात काढतो. हा पाच वर्षांचा.
हा अकरा. खाच बुजलीय बघा.
हा म्हातारा, ह्याला भिजवलेलं गवत द्या.
चौदा मिनिटं मी शेवटच्या बाकावर बसून शिकते.
घोडामैदान जवळ आलंय, पुढच्या महिन्यात परीक्षा,
आणि तिच्यात दातांवर एकही प्रश्न नाही.

इतक्यात खुलान हात वर करते.
"बाई, घोडे बघून येऊ?"
जा, म्हणते मी,
आणि ती वाळूतल्या त्या फळकुटी खोलीकडे पळते.
कोणी हसत नाही. कोणी अर्थ विचारत नाही.
कुठल्या फळ्यावर शिकलो आपण हे? मी वर्गाला विचारते.
शांतता. मग अनुजिन,
"लंडनचा मुलगा असता तर तोही मागून गेला असता, बाई.
साखरेचा खडा घेऊन."
आता मात्र शेगडीवरचं झाकणसुद्धा हसतं.

घरचा अभ्यास : वाक्यात उपयोग करा.

संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्याखाली बसून वह्या तपासते.
घोडे धर, चहा गरम आहे, आई दादाला म्हणाली.
घोडे धरा, अजून घंटा झाली नाही.
बिल्गूनने धरलेल्या घोड्यांची नावंही दिलीत, सहाच्या सहा.
मग तेमूलेनची वही.
तेमूलेन तासभर काही बोलला नव्हता,
खिडकीशी बसतो, मला वाटलं थंडीमुळे.
त्याने लिहिलंय :
माझ्या बाबांकडे धरायला घोडे नाहीत. तरी ते थांबले आहेत.

गेल्या हिवाळ्यात झुद आला होता.
बर्फावर पाऊस, पावसावर बर्फ, गवत काचेखाली.
त्यांचे एकतीस गेले. हे मला माहीत होतं,
हजेरीपटात, शेरा ह्या रकान्यात, मीच लिहिलं होतं.

वाक्य व्याकरणाने बरोबर.
वाक्प्रचार म्हणून चूक, अर्धा गुण कापा,
असं शिक्षकांच्या पुस्तिकेत, पान बासष्ट.
मी हॉर्सेसमधलं एक राहिलेलं अक्षर भरते.
लाल पेनाने नाही, पेन्सिलीने.
गुणांच्या चौकटीत पेन्सिल टेकवते, उचलते, पुन्हा टेकवते.

मग कोट चढवून बाहेर निघते.
दारात मुख्याध्यापक विचारतात, इतक्या थंडीत कुठे?
घोडे बघायला, म्हणते मी.
ते बाजूला होतात, वाट देतात.
मी त्या खोलीवरून पुढे जाते,
दोर बांधायच्या खांबापर्यंत,
आणि बराच वेळ तिथे उभी राहते.